विश्लेषण : परदेशातील सार्वजनिक तलावात पोहायला जाताना कोणते नियम माहीत हवेत?

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर आणि परिसरातील ऊसपट्ट्यात पोहणे शिकवले जाते ते विहिरीत, नाहीतर कालव्यात. पाठीला रिकामा डबा किंवा सुका भोपळा बांधायचा, काकाने किंवा मोठ्या भावाने काठावरून ढकलायचे आणि चार दिवसांत पोरगं हातपाय मारू लागते. याच गावांतील मुले-मुली आता शिक्षण आणि नोकरीसाठी जर्मनी, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलियात जात आहेत. तिथल्या सार्वजनिक तलावात मात्र पोहता येणे एवढेच पुरत नाही.

हा प्रश्न महत्त्वाचा का?

जून २०२४ मध्ये रशियातील वोल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांत जळगाव जिल्ह्यातील विद्यार्थी होते. अनोळखी नदी-तलावाचा उतार, प्रवाह आणि थंडी वरून दिसत नाही. युरोपात उन्हाळ्यातही अनेक नद्या-तलावांचे पाणी बरेच गार असते. एकदम गार पाण्यात शिरल्यावर धाप लागते, श्वासावरचा ताबा सुटतो आणि नाकातोंडात पाणी जाते. चांगला पोहणाराही यातून सुटत नाही. सार्वजनिक तलावात जीवरक्षक असतो, खोली लिहिलेली असते आणि पाण्याचे तापमान राखलेले असते. परक्या देशात पोहण्याची सुरुवात तिथूनच करणे शहाणपणाचे. मात्र, नियम माहीत नसल्याने पहिल्याच दिवशी शिट्टी वाजते, चारचौघांत ओशाळल्यासारखे होते आणि अनेक जण पुन्हा तिकडे फिरकत नाहीत.

विहिरीत तरबेज असलेला तलावात का गडबडतो?

विहिरीत सूर मारणे, मुटका मारणे, बुडी घेऊन तळ गाठणे यात कौशल्य असते. कालव्यात पाण्याची ओढ मदतीला असते. सार्वजनिक तलावात यातले काहीच नसते. सरळ रेषेत, एका लयीत, न थांबता फेऱ्या मारायच्या असतात. डोके वर ठेवून पोहण्याची सवय असेल तर मान आणि खांदे लवकर भरून येतात. ऑलिंपिक तलाव ५० मीटर लांब असतो. नेहमीचे तलाव बहुधा २५ मीटरचे असतात. अमेरिकेत २५ यार्ड, म्हणजे २२.८६ मीटरचेही असतात. २५ मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे ४० लांब्या. सुरुवातीला चार-सहा लांब्यांत दम लागला तर त्यात कमीपणा नाही.

लेनचे नियम काय?

तलाव दोरांनी लेनमध्ये विभागलेला असतो. स्पर्धेच्या तलावात एक लेन २.५ मीटर रुंद असते. प्रत्येक लेनच्या टोकाला संथ, मध्यम, वेगवान अशा पाट्या असतात. पहिल्या दिवशी संथ लेन निवडावी. एका लेनमध्ये अनेक जण असतील, तर जाताना एक बाजू आणि येताना दुसरी बाजू धरून गोल फिरावे लागते. अमेरिका आणि जर्मनीत साधारणपणे उजवी बाजू धरतात, ऑस्ट्रेलियात डावी. ब्रिटनमध्ये शेजारच्या दोन लेनची दिशा उलटसुलट असू शकते; म्हणून टोकाच्या पाटीवरील बाण पाहावा. दम खायचा तर टोकाला कोपऱ्यात थांबावे, लेनच्या मध्ये उभे राहू नये. मागच्याने पायाला हलकेच स्पर्श केला तर तो भांडण काढत नसतो, ‘पुढे जाऊ द्या’ एवढेच सांगत असतो. टोकाला पोहोचल्यावर त्याला वाट द्यावी. सूर मारायची परवानगी बहुतेक ठिकाणी नसते.

कपड्यांवरून अडवतात का?

हो. फ्रान्समधील सार्वजनिक तलावांत पुरुषांना सैल बर्म्युडा चालत नाही; अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते. बहुतेक तलावांत टोपीही सक्तीची असते. बाहेर फिरताना वापरलेले कपडे पाण्यात येऊ नयेत, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. पूर्ण अंग झाकणारा पोशाख वापरणाऱ्या महिलांनी आधी चौकशी करावी. ग्रनोबल शहराने अशा पोशाखाला वाट देणारा बदल केला होता. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०२२ मध्ये त्याची स्थगिती कायम ठेवली. ब्रिटनमध्ये याबाबत मोकळीक अधिक आहे आणि अनेक तलावांत केवळ महिलांसाठी वेळा राखलेल्या असतात. जपानमध्ये टोपी हवीच. दागिने काढावे लागतात आणि अंगावर गोंदण असेल तर अनेक ठिकाणी ते झाकावे लागते किंवा प्रवेश मिळत नाही.

आधी अंघोळ कशासाठी?

तलावाचा म्हणून जो उग्र वास येतो, तो निव्वळ क्लोरिनचा नसतो. घाम, लघवी, अंगावरील तेल यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. वास, डोळ्यांची आग आणि खोकला यामागे तेच असतात. म्हणून साबणाने अंघोळ आधी, पोहणे नंतर. डोक्याला खोबरेल तेल लावून जाण्याची सवय इथे सोडावी लागते. आइसलँडमध्ये तर पोहण्याचे कपडे न घालता अंघोळ करणे सक्तीचे आहे. स्त्री-पुरुषांची स्नानगृहे वेगळी असतात, पण आडोसा असेलच असे नाही. याची मनाची तयारी आधीच केलेली बरी. जुलाब होत असतील तर कोणत्याही तलावात उतरू नये. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरिनच्या पाण्यातही अनेक दिवस तग धरतो.

पोहताच येत नसेल तर?

तर शिकण्याची हीच जागा. जर्मनीत मुलांसाठी ‘झेपफर्डशेन’ म्हणजे ‘समुद्रघोडा’ नावाचा प्राथमिक बिल्ला असतो. काठावरून उडी, २५ मीटर पोहणे आणि खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू वर काढणे, ही त्याची कसोटी. मोठ्यांसाठीही वर्ग असतात आणि तिशीत शिकणाऱ्याला कुणी हसत नाही. याच जर्मनीतील हायडलबर्ग येथे १९७२च्या पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्ण जिंकले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आल्यानंतर ते जलतरणाकडे वळले होते.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

तलावाच्या संकेतस्थळावर फेऱ्यांसाठीची वेळ पाहावी. शाळा किंवा क्लबसाठी तलाव राखीव असू शकतो. पिशवीत टोपी, चष्मा, टॉवेल, चपला आणि कपाटासाठी एखादे नाणे असावे. अमेरिकेत खोली फुटांत, इतरत्र बहुधा मीटरमध्ये लिहितात. १.८ मीटर म्हणजे जवळपास सहा फूट, बहुतेकांच्या डोक्यावरून पाणी. पोहता येते की नाही, हे जीवरक्षकाला खरे सांगावे. आणि पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटे काठावर उभे राहून इतर लोक कसे पोहतात ते पाहावे. भाषा येत नसली तरी निम्मे नियम तिथेच कळतात.