कार्ड आहे, पण सोनोग्राफी कुठे करायची? परभणीकरांसाठी समजून घेण्याच्या गोष्टी

पोटात दुखते, डॉक्टर सोनोग्राफी लिहून देतात. कंबर धरली, डॉक्टर एमआरआय सांगतात. मग घरात पहिला प्रश्न निघतो तो असा : आपल्याकडे आयुष्मान कार्ड आहे, ते चालणारे सोनोग्राफीचे डॉक्टर परभणीत कोण? गंगाखेड, पाथरी, जिंतूर, पूर्णा, कुठूनही माणसे हाच प्रश्न घेऊन शहरात येतात, एका सेंटरवरून दुसऱ्या सेंटरवर फिरतात आणि शेवटी उसनवारी करून पैसे भरतात. याबद्दल नीट माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

आधी मूळ गोष्ट

कार्ड घेणारे सोनोग्राफी सेंटर शोधू नका, कार्ड घेणारे रुग्णालय शोधा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ही मुळात रुग्णालयात होणाऱ्या ठरावीक उपचारांची योजना आहे. रस्त्यावरच्या सेंटरमध्ये जाऊन नुसती तपासणी करून घेण्यासाठी ती नाही. त्यामुळे खासगी सेंटरवाले कार्ड पाहून नकार देतात तेव्हा बहुतेक वेळा ते नियम मोडत नसतात, कारण ते सेंटर योजनेत नसतेच.

मात्र त्याच योजनेत अंगीकृत रुग्णालयात तुमचा उपचार मंजूर झाला की त्यासाठी लागणारी सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय, रक्त तपासणी हे सगळे पॅकेजमध्येच येते. रुग्णालयाकडे स्वतःचे मशीन नसेल तर त्यांनी बाहेरच्या सेंटरशी करार केलेला असतो. अशा वेळी रुग्ण रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन जातो आणि बिल रुग्णालय भरते. म्हणजे रेडिओलॉजिस्ट तोच असू शकतो. तुम्ही स्वतःहून गेलात तर पैसे, रुग्णालयामार्फत गेलात तर मोफत.

योजनेत कोण बसते

ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती उरलेल्या महाराष्ट्रात, म्हणजे परभणीतही आली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत एकत्र राबवली जाते. शासनाने २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये केले आणि पांढऱ्या रेशनकार्डासह सर्व कुटुंबांना योजनेत घेतले. त्याआधी पांढऱ्या कार्डाचे शेतकरी फक्त १४ जिल्ह्यांत पात्र होते, त्यात परभणी होता. त्यामुळे 'आमचे कार्ड पांढरे आहे, आम्हाला काही मिळत नाही' ही समजूत आता सोडून द्यावी. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मानचे वेगळे कार्ड निघते, घरातल्या आजी-आजोबांचे ते काढून ठेवा.

मग जायचे कुठे, कोणत्या क्रमाने?

पहिली पायरी सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि स्त्री रुग्णालयांत उपचार व तपासण्या मोफत आहेत. इथे कार्डाची गरजच नाही. तालुक्याच्या रुग्णालयात एक्स-रे किंवा सोनोग्राफी कोणत्या वारी होते, एवढे विचारून मगच निघा. मशीन असते, पण डॉक्टर ठरावीक दिवशीच येतात, असे पुष्कळ ठिकाणी आहे.

परभणीच्या जिल्हा रुग्णालयाची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०२३ मध्ये शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि हे रुग्णालय त्याला जोडले गेले. वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या विभागाकडे असतात, म्हणून तिथे तपासणीला शासकीय शुल्क लागते का, हे खिडकीवर विचारून घ्या. शुल्क असले तरी ते खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते. तिथे न होणाऱ्या तपासणीसाठी नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालयाची किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीची चिठ्ठी मागा.

दुसरी पायरी अंगीकृत खासगी रुग्णालय. योजनेच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडला की यादी दिसते. मोबाईल जमत नसेल तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत क्रमांकावर विचारा. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांच्या आधी आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा. त्याला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. हा आजार योजनेत आहे का? ही तपासणी पॅकेजमध्ये धरली जाईल का? आणि तपासणीत काही निघाले नाही, उपचार लागलाच नाही, तर पैसे कोण देणार? तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेक भांडणे होतात, म्हणून उत्तर आधीच घ्या.

अपघात, हृदयविकार अशा तातडीच्या वेळी फोनवरूनही मान्यता घेता येते. कागद घरी राहिले म्हणून रुग्णाला थांबवू नका.

गर्भवतींसाठी वेगळा हक्क

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात गर्भवतीच्या सोनोग्राफीसह सर्व तपासण्या आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची खास तपासणी होते. गावच्या आशाताईंना आधी सांगून ठेवा. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे ही सोनोग्राफी नोंदणी असलेल्या केंद्रातच होते आणि फॉर्म भरावा लागतो, म्हणून चिठ्ठी व ओळखपत्र विसरू नका.

कामगार विम्याचे कार्ड असेल तर

आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले पुणे, संभाजीनगर, मुंबईच्या कारखान्यांत आहेत. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआय कापले जात असेल, तर त्या विम्यात भरती न होताही तपासण्या मिळतात. ईएसआय दवाखान्याची चिठ्ठी मात्र हवी. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचे काम सोपवले गेले, त्यातूनच पुढे १९४८ चा कायदा झाला. दर महिन्याला पैसे कापले जातात आणि हक्क वापरला जात नाही, असे होऊ देऊ नका.

पैसे मागितले तर

उपचार मंजूर झाल्यावर तपासणीचे पैसे मागितले तर पावती मागा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. मग आरोग्यमित्र, त्यानंतर योजनेचे जिल्हा समन्वयक आणि वरचे मोफत क्रमांक, या क्रमाने तक्रार करा. आणि रिपोर्टसोबत फिल्म किंवा सीडीही घरी जपून ठेवा. नाहीतर पुढचे डॉक्टर तीच तपासणी पुन्हा करायला लावतात.

आमची एक सूचना आहे. रविवारी विहारात वंदनेला माणसे जमतात तेव्हा शिकलेल्या दोन तरुणांनी अर्धा तास बसून लोकांची कार्डे तपासावीत, नावातल्या चुका पाहाव्यात, अंगीकृत रुग्णालयांची यादी भिंतीवर लावावी. आजार आल्यावर कागद शोधण्यापेक्षा हे काम आधी झालेले बरे.