पाहण्याचा डोंगर, चालण्याचा डोंगर

सूचौमधल्या शिझलिन बागेवर सर्वांत कडक टीका केली ती परक्यांनी नव्हे, घरच्यांनी. 'शिझलिन' म्हणजे सिंहवन. तिथल्या दगड रचून केलेल्या डोंगराची कीर्ती चीनभर आहे, पण सूचौचाच लेखक शेन फू याला त्यात डोंगरपण सापडलं नाही. 1808 च्या सुमाराच्या आपल्या आठवणींत तो म्हणतो, की दगड नाजूक आहेत आणि झाडं जुनी आहेत, तरी सगळं मिळून दिसतं ते जळक्या कोळशाच्या ढिगासारखं, वर शेवाळ आणि आत मुंग्यांनी पाडावीत तशी भोकं. त्याच काळातला नामांकित डोंगर-कारागीर ग यूलियांग यानेही या बागेतल्या गुहांना नावं ठेवली. दोघंही जाणकार होते आणि दोघांनीही जे पाहिलं ते खरंच तिथे आहे. तरीही त्यांचा निकाल अपुरा वाटतो, कारण त्यांनी ज्या मापाने हा डोंगर मोजला ते त्याचं माप नाही. शिझलिनचा डोंगर लांबून बघायचा नाही, आतून चालायचा आहे.

बागेची सुरुवात 1342 सालची, युआन राजवटीतली. तिएनरू वेइझ या छान (झेन) पंथाच्या भिक्षूसाठी त्याच्या शिष्यांनी इथे मठ उभारला. वेइझचे गुरू चुंगफंग मिंगबन तिएनमू पर्वतावरच्या सिंहकड्यावर राहत, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव ठेवलं. सिंह हा काही चीनचा प्राणी नव्हे. त्याची प्रतिमा तिकडे रुजली ती बौद्ध धर्माबरोबर, बुद्धाच्या सिंहासनासकट आणि सिंहनादासकट. पुढे मठ मोडला, मालक बदलत गेले. अठराव्या शतकात छिएनलुंग सम्राट इथे येऊन गेला आणि इतका रमला, की बीजिंगच्या आणि छंगतच्या राजोद्यानांत त्याने या बागेच्या प्रतिकृती करवून घेतल्या. 1917 मध्ये रंगांचे व्यापारी बेइ रुनशंग यांनी बाग विकत घेऊन तिची मोठी डागडुजी केली. वास्तुशिल्पी आय. एम. पेई त्याच घराण्यातले, लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्या त्यांनी इथे काढल्या. 2000 साली बाग युनेस्कोच्या जागतिक वारशात आली.

डोंगर समजून घ्यायचा तर आधी दगड समजून घ्यायला हवा. सूचौच्या पश्चिमेला ताइहू हे विस्तीर्ण तळं आहे, हा चुनखडीचा दगड तिथला. पाणी शतकानुशतकं तो खात राहतं, आणि मग त्याला आरपार भोकं पडतात, कडा गोल होतात, अंगावर सुरकुत्या येतात. दगड सडपातळ हवा, सुरकुतलेला हवा, सच्छिद्र हवा आणि त्यातून पलीकडचं दिसायला हवं, अशी चिनी रसिकांनी त्याची चार लक्षणं ठरवून ठेवली आहेत. पेई सांगत, की पूर्वी कारागीर योग्य दगड निवडून त्याला भोकं पाडत, तळ्याच्या काठाशी पाण्यात ठेवत आणि पुढची पिढी तो बाहेर काढत असे. मुलासाठी आंबा लावावा, तशी ही दगडाची लावणी. या हौसेला काळी बाजूही आहे. सुंग सम्राट ह्वेइत्सुंगने राजधानीतल्या आपल्या डोंगरासाठी दक्षिणेकडून असे दगड नावा भरभरून नेले, त्या जुलमाने प्रजा पिचली, 1120 मध्ये बंड झालं आणि 1127 मध्ये राजधानीच शत्रूच्या हाती गेली. बागेतल्या डोंगराला केवळ श्रीमंती चाळा म्हणणाऱ्यांच्या हाती हा भक्कम पुरावा आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही.

आता आत शिरू. सगळी बाग जेमतेम एक हेक्टरची, त्यातला डोंगर साधारण साडेअकराशे चौरस मीटरचा. एवढ्या जागेत नऊ वाटा, एकवीस गुहा आणि एकावर एक तीन पातळ्या बसवल्या आहेत. वाट गुहेत शिरते तेव्हा डोकं वाकवावं लागतं. पायरी ओबडधोबड, म्हणून नजर पायाशी. एवढ्यात बाजूच्या भोकातून उजेडाचा तुकडा पडतो, त्यातून पाणी दिसतं, पण पाण्याकडे जाणारी वाट दिसत नाही. वर चढतोय असं वाटत असताना वाट खाली उतरते. पलीकडच्या वाटेवरचा माणूस हाताच्या अंतरावर बोलतो, आणि त्याच्यापाशी पोचायला अख्खा वळसा घालावा लागतो. सरळ रेषेत ही जागा ओलांडायला एक-दोन मिनिटं पुरतील, पण इथली वाट सरळ रेषा उरूच देत नाही. भिंतीआडच्या दाट शहरात जमीन वाढवता येत नाही, अंतर मात्र वाढवता येतं, आणि ते वाढवण्याची युक्ती म्हणजे हा डोंगर. शेन फूला जी मुंग्यांची भोकं वाटली, तीच इथली खरी कामाची गोष्ट. काठावर उभं राहून पाहिलं तर रचना गिचमिड दिसते हे खरंच, पण ती गिचमिड काढून टाकली तर चालण्यासारखं काही उरत नाही.

ग यूलियांगचा आक्षेप अधिक जड आहे. या गुहांवर लांब दगडी फळ्या टाकून छत केलं आहे, यात कसब कसलं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मते लहानमोठे दगड पुलाच्या कमानीसारखे एकमेकांत अडकवले तरच गुहा हजार वर्षं टिकेल. नुसतं बोलून तो थांबला नाही. सूचौतल्याच ह्वानश्यू शानच्वांग या बागेत त्याने सुमारे सात मीटर उंचीचा डोंगर तसा रचून दाखवला. तिथे दरी आहे, कडा आहे, सांधा शोधून सापडत नाही. बांधकाम म्हणून तो डोंगर शिझलिनपेक्षा श्रेष्ठ आहे, हे मोकळेपणाने मान्य करावं. पण बांधणीतला कमीपणा आणि कल्पनेतला कमीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळीचं छत कारागिराला खटकतं. आतून जाणाऱ्याची वाट त्यामुळे चुकीची ठरत नाही.

तिसरा आक्षेप अस्सलपणाचा. चित्रकार नी त्सानच्या नावावरच्या 1373 च्या चित्रात दगड मोजकेच आहेत, म्हणजे आजचा दाट चक्रव्यूह बराचसा नंतरचा, आणि विसाव्या शतकात तर सिमेंटची 'दगडी' नावही आली. म्हणूनच 'भिक्षूंनी ध्यानासाठी रचलेला चक्रव्यूह' ही लोकप्रिय कथा जपून घ्यावी. मात्र त्यामुळे डोंगर खोटा ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मालकांनी इथे भर घातली ती गुंता वाढवण्याच्याच दिशेने, यावरून लोकांना या जागेत काय हवं होतं ते कळतं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते दगडांत सिंह शोधण्याच्या खेळाने. हा बसलेला, तो गुरगुरणारा, असं मोजत फिरणारा माणूस पुन्हा काठावरचा प्रेक्षक होतो. सूचौला जाल तेव्हा आधी ह्वानश्यू शानच्वांग बघा, म्हणजे उत्तम बांधलेला डोंगर कसा असतो ते कळेल. मग शिझलिनला सकाळी दार उघडताच जा, कारण गर्दीत अरुंद वाटा तुंबतात आणि चालणं संपतं. फोटो नंतर काढा, आधी खालच्या गुहेतून आत शिरा.