चर्चमधला आठवडा आणि विहाराचे कुलूप

मे महिना आला की कामगार वस्तीतल्या आईबापांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. दिवसभर पोरे ठेवायची कुठे? शाळेला सुट्टी असते, पण कारखान्याला नसते आणि धुण्याभांड्याच्या कामालाही नसते. आमच्या घरी थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आजी. मागच्या वर्षी मे महिन्यात वस्तीजवळच्या चर्चमधल्या दोन ताई दारात आल्या. "सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते बारा, मुलांसाठी सुट्टीतील बायबल शाळा आहे. फी नाही. सगळ्यांची मुले येतात," असे त्या म्हणाल्या. शेजारची मुले निघाली होती. आमच्या दोघांनीही हट्ट धरला.

घरात वाद झाला. आजी म्हणाली, "माझ्या बापाने १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, ती काय नातवंडांना चर्चमध्ये पाठवायला?" आम्हालाही ते पटत होते. पण दुपारी रस्त्यावर भटकण्यापेक्षा सकाळचे तीन तास मुले चांगल्या माणसांत राहतील, हेही खरे होते. शेवटी ठरले की मुलांनी जावे, पण संध्याकाळी जेवताना काय ऐकले ते सगळ्यांपुढे सांगावे.

पहिले दोन दिवस मजेत गेले. हातवारे करून म्हणायची गाणी, कागदाची होडी, मधल्या सुट्टीत चिवडा आणि सरबत. वचन पाठ केले की वहीत चांदणी मिळे. शिकवणारी सगळी कॉलेजची मुलेमुली. दुसऱ्याच दिवशी त्यांना प्रत्येक मुलाचे नाव पाठ होते, याचे धाकट्याला फार अप्रूप.

बुधवारी थोरलीने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक बाजूने निघून गेला आणि लेवीही निघून गेला. ज्यांना यहूदी लोक हलके समजत, त्या शोमरोन्यांपैकी एकाने मात्र त्याच्या जखमा बांधल्या. थोरली म्हणाली, "आजी, शोमरोनी म्हणजे आपल्यासारखाच की गं!" आजी हसली. मग तिने आनंद भिक्खूने विहिरीवर चांडाळ कन्येकडे पाणी मागितल्याची गोष्ट सांगितली. त्या रात्री आमच्या घरात दोन धर्मांच्या गोष्टी एकाच ताटावर बसल्या आणि कोणाचे काही बिघडले नाही.

गुरुवारी मात्र धाकटा जेवेना. खूप विचारल्यावर म्हणाला, "येशूवर विश्वास ठेवतात तेच स्वर्गात जातात. मग बाबासाहेब कुठे गेले?"

आम्ही गप्प झालो. उत्तर आजीनेच दिले. "आपल्या बुद्धाने स्वर्ग देतो असे कधी सांगितले नाही. त्याने वाट दाखवली, चालायचे आपण. बाबासाहेब कुठे गेले म्हणतोस? तुझी आई शिकली, तू शाळेत जातोस, तिथे बघ." बुद्ध मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात समजावले आहे. आजीला तो ग्रंथ वाचता येत नाही, पण त्याचा अर्थ तिला ठाऊक आहे.

शुक्रवारी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून चर्चमध्ये गेलो. भांडायला नव्हे, बोलायला. "गोष्टी सांगा, गाणी शिकवा, पण आईबापांना न विचारता आठ वर्षांच्या मुलाला असे काही सांगू नका," असे आम्ही म्हणालो. पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. "आमचा विश्वास तोच आहे, पण तुम्हाला आधी सांगायला हवे होते," असे ते म्हणाले. शनिवारच्या समारोपाला आम्ही सगळे गेलो. अभंगाच्या चालीवरचे गाणे ऐकून आजी चकित झाली. रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्यांनी मराठी चर्चमध्ये ही आपल्या मातीची चाल रुजवली. आमची मुले त्रिशरण-पंचशील पालीत घडाघडा म्हणतात, पण अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात.

या शाळेचा इतिहास पुढे वाचनात आला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात, दाटीवाटीच्या चाळींतली गरीब मुले सुट्टीत रस्त्यावर भटकताना पाहून एलायझा हॉज नावाच्या बाईंनी दारूचा गुत्ता भाड्याने घेतला आणि त्यात मुलांची शाळा भरवली. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ती चळवळ वाढवली. त्यांचा हिशेब सोपा होता. उन्हाळ्यात चर्चच्या इमारती रिकाम्या, मुले रिकामी आणि कॉलेजचे विद्यार्थीही रिकामे. या तिघांची गाठ घालून द्यायची, एवढेच.

हे वाचले आणि आम्हाला आमचे विहार आठवले. वर्गणी काढून, घाम गाळून बांधलेले. रविवारी वंदना, जयंतीला रोषणाई आणि एरवी दाराला कुलूप. मुले दुसऱ्याच्या अंगणात गेली म्हणून रागवायचे, तर आधी आपले अंगण झाडायला नको का?

यंदाच्या मे महिन्यात आम्ही किल्ली मागून घेतली. वस्तीतल्या बारावीच्या चार मुलामुलींना हाताशी धरले. पहिल्या दिवशी सातच मुले आली, पंखाही बंद होता. पण वंदनेचा मराठी अर्थ, चवदार तळ्याची गोष्ट, चित्रकला आणि लिंबूसरबत यांवर आठवडा निघाला. मागच्या वर्षीच्या चर्चमधल्या ताईंनी हजेरीची वही कशी ठेवावी ते दाखवले. शेजारची दोन ख्रिस्ती मुलेही आली. त्यांच्या आईबापांना आम्ही आधी विचारले.

माताभगिनींनो, खर्च चिवड्या-सरबताचाच आहे. तुमच्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे, तेवढे आज संध्याकाळी विचारून पाहा.

जयभीम!