विमानांची टक्कर टाळणारे यंत्र व वैमानिकाचे कर्तव्य

आकाशातून जाणारे विमान पाहून वरच्या इयत्तांतील मुले पुष्कळदा विचारतात की, एवढ्या उंचीवर दोन विमाने समोरासमोर आली तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांपाशी तयार असावे, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

विमानांना परस्परांपासून दूर ठेवण्याचे काम जमिनीवरील हवाई वाहतूक नियंत्रकाचे होय. तो रडारच्या पडद्यावर विमानांची स्थाने पाहतो आणि कोणी किती उंचीवर राहावे हे रेडिओवरून सांगतो. परंतु समोरासमोर येणाऱ्या दोन जेट विमानांतील अंतर दर सेकंदास सुमारे अर्ध्या किलोमीटरने घटते. अशा वेळी नजरचूक झाल्यास सावरण्यास अवधी उरत नाही. म्हणून मोठ्या प्रवासी विमानांत ‘टीकॅस’ नावाचे यंत्र बसविलेले असते. भारतात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे दगावली. त्यानंतर येथेही हे यंत्र सक्तीचे झाले.

हे यंत्र आसपासच्या विमानांना रेडिओलहरींनी जणू प्रश्न विचारते व तेथील यंत्रे उत्तर देतात. उत्तर येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. उंचीचा आकडा उत्तरातच असतो. धोका दिसताच यंत्र प्रथम नुसता इशारा देते. पुढे टक्करीस १५ ते ३५ सेकंद उरली असता ते ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ अशी आज्ञा करते. अरुंद पाऊलवाटेवर समोरासमोर आलेली दोन माणसे वाट देण्यासाठी एकाच बाजूला सरकतात आणि पुन्हा एकमेकांसमोर येतात. तसे होऊ नये म्हणून दोन्ही विमानांतील यंत्रे आपसांत ठरवून एकास वर व दुसऱ्यास खाली पाठवितात.

परंतु नियंत्रकाची आज्ञा याच्या उलट असेल तर? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेन गावावर नेमके हेच घडले. रशियातील उफा शहराची शाळकरी मुले सुटीसाठी स्पेनला निघाली होती. त्यांच्या विमानास नियंत्रकाने खाली येण्यास सांगितले. काही सेकंदांतच यंत्राने वर जाण्यास सांगितले. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमान मालवाहू होते. तेही आपल्या यंत्राच्या आज्ञेप्रमाणे खालीच येत होते. टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील सर्व ७१ जण मृत्यू पावले. त्या रात्री नियंत्रक एकटाच दोन जागांचे काम सांभाळीत होता. यंत्राने काय सांगितले आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

येथे केवळ वैमानिकांना दोष देणे न्यायाचे होणार नाही. दोन आज्ञांपैकी श्रेष्ठ कोणती, हे त्या वेळच्या नियमपुस्तिकांत निःसंदिग्धपणे सांगितलेले नव्हते. काही ठिकाणी तर परस्परविरोधी मजकूर होता. जानेवारी २००१ मध्ये जपानमध्येही असाच प्रसंग आला होता. तेथे दोन विमाने थोडक्यात बचावली. परंतु त्या इशाऱ्यावरून नियम वेळीच सुधारला गेला नाही.

आता आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे. यंत्राची आज्ञा मिळताच वैमानिकाने सुमारे पाच सेकंदांत ती पाळण्यास आरंभ करावा, नियंत्रकाची सूचना विरुद्ध असली तरी यंत्राच्या उलट कदापि जाऊ नये, आणि शक्य होताच नियंत्रकास कळवावे. ते कळल्यावर, धोका टळेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानास मार्ग वा उंची बदलण्यास सांगू नये. यंत्र नियंत्रकापेक्षा शहाणे आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्या क्षणी दोन्ही विमानांची सांगड घालून दिलेली आज्ञा एकट्या यंत्राचीच असते. म्हणून दोघांनी तीच पाळली तरच तिचा उपयोग.

वर्गात हे समजावून देणे सोपे आहे. अंगणात दोन मुलांना समोरासमोर चालावयास लावून प्रथम कोणताही नियम न सांगता वाट काढू द्यावी. नंतर ‘प्रत्येकाने आपल्या डावीकडे सरावे’ असा नियम आधी सांगून तोच प्रयोग पुन्हा करावा. नियम संकटापूर्वीच का ठरवावा लागतो, हे मुलांना त्यावरून आपोआप कळेल.