न कळलेल्या शब्दांची चौकशी

अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या जुन्या दप्तरात एका गाण्याची फाइल आहे. शंभराहून अधिक पानांची. तिच्यात संतापलेल्या पालकांची पत्रं आहेत, प्रयोगशाळेचे अहवाल आहेत, शाळकरी पोरांनी कागदावर उतरवून एकमेकांत फिरवलेले चावट शब्द आहेत. आणि एवढा खटाटोप करून हाती लागलेला निष्कर्ष असा, की रेकॉर्ड कोणत्याही गतीला लावा, गाणारा काय म्हणतोय ते कळत नाही. गाणं आहे ‘लुई लुई’. गाणारे ‘द किंग्जमेन’, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडची विशीच्या आतबाहेरची पाच पोरं.

गंमत अशी की याच गाण्याची आणखी एक रेकॉर्ड १९५७पासून बाजारात होती आणि तिच्यात शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकू येत होता. ती ज्याची होती, त्यानंच गाणं लिहिलं होतं.

त्याचं नाव रिचर्ड बेरी. जन्म लुइझियानातला, वाढला लॉस एंजेलिसमध्ये. कृष्णवर्णीय गायकांच्या तिथल्या वर्तुळात त्याला मान होता, पण लेबलावर नाव मात्र नेहमीच येत असे असं नाही. ‘द रॉबिन्स’च्या ‘रायट इन सेल ब्लॉक नंबर नाइन’मधला तो खर्जातला, अंगावर येणारा आवाज बेरीचा. एटा जेम्सच्या ‘द वॉलफ्लॉवर’मध्ये तिला उत्तर देणारा हेन्री म्हणजेही बेरीच. दोन्हीकडे श्रेय नाही. गावं, ठरलेले पैसे घ्यावेत, घरी जावं, असा तो काळ.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर तो लॉस एंजेलिसजवळ ‘रिदम रॉकर्स’ नावाच्या लॅटिन वळणाच्या वाद्यवृंदाबरोबर गात असे. ही मंडळी क्यूबन संगीतकार रेने तुझे याचं ‘एल लोको चा चा’ वाजवत. त्याच्या सुरुवातीचा ठेका बेरीच्या डोक्यात बसला, आणि स्टेजमागच्या खोलीत त्यानं हाताशी सापडलेल्या टॉयलेट पेपरवर शब्द लिहून काढले, असं तो पुढे सांगत असे. कल्पना साधी. एक खलाशी दारूच्या गुत्त्यात बसलाय आणि लुई नावाच्या बारवाल्याला सांगतोय, की जमैकात माझी प्रेयसी वाट बघतेय, मला निघायला हवं. फ्रँक सिनात्राच्या ‘वन फॉर माय बेबी’तही गिऱ्हाईक बारवाल्याशीच मन मोकळं करतं, ती बैठक बेरीनं तिथून उचलली. चावट म्हणावं असं त्यात काहीही नाही. विरहगीतच ते, फक्त नाचता येईल असं.

‘फ्लिप’ या छोट्या कंपनीनं ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. पुढच्या बाजूला होतं ‘यू आर माय सनशाइन’. पश्चिम किनाऱ्यावर रेकॉर्ड बऱ्यापैकी खपली आणि मग विसरली गेली. १९५९च्या सुमारास बेरीचं लग्न ठरलं आणि पैसे हवे होते. त्यानं ‘लुई लुई’ आणि आणखी काही गाणी मिळून प्रकाशनाचे हक्क साडेसातशे डॉलरला विकून टाकले. त्याला मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. विकायचं ते एक जुनं, बाजारात गार पडलेलं गाणं होतं, आणि रोख रक्कम समोर होती. रेडिओ-टीव्हीवरच्या वादनाचा हिस्सा त्यानं स्वतःकडे ठेवला, एवढी समज त्याला होती.

गाणं जिवंत राहिलं ते हजार मैल उत्तरेला, वॉशिंग्टन राज्यात. तिथे रॉकिन रॉबिन रॉबर्ट्‌स या गायकाला बेरीची रेकॉर्ड स्वस्तातल्या रेकॉर्डींच्या ढिगात सापडली. १९६१मध्ये त्यानं टकोमाच्या ‘द वेलर्स’बरोबर ती आपल्या पद्धतीनं, जास्त खरखरीत करून गायली. मग त्या पट्ट्यातल्या प्रत्येक होतकरू बँडला ‘लुई लुई’ यावंच लागे. ओरेगनच्या सीसाइड गावातल्या एका क्लबमध्ये किंग्जमेननी पाहिलं, की पोरं ज्यूकबॉक्सवर तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून नाचताहेत. गायक जॅक एली यानं ते बँडला शिकवलं, पण ठेका त्याच्या डोक्यात चुकीचा बसला होता. वेलर्सच्या ठेक्यात चार ठोके होते तिथे एलीनं तीनच ठेवले. आज जगभर जो ठेका ‘लुई लुई’चा म्हणून ओळखला जातो, तो या आठवणीतल्या घोटाळ्यातून आलेला आहे.

६ एप्रिल १९६३. पोर्टलंडमधला एक साधा स्टुडिओ, खर्च पन्नास डॉलरच्या आसपास. आदल्या रात्री बँडनं हेच एक गाणं दीडेक तास ताणून वाजवलेलं, त्यामुळे एलीचा घसा बसलेला. दातांना तारा. माइक उंच टांगलेला, म्हणून मान वर करून ओरडल्यासारखं गायचं, आणि भोवती वाद्यांचा गदारोळ. पोरांना वाटलं ही तालीम चाललीये. पण तेवढंच घेतलं गेलं. गिटारचा तुकडा संपतो तिथे एली थोडा आधीच तोंड उघडतो आणि चूक लक्षात येऊन गप्प होतो. ड्रमवर बसलेला लिन ईस्टन पटकन एक तुकडा वाजवून ती फट बुजवतो. साठ वर्षांत हे गाणं बसवणाऱ्या कितीतरी बँडांनी ती चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली आहे. मला विचाराल तर रेकॉर्डमधला सगळ्यात जिवंत क्षण तोच.

त्याच महिन्यात, त्याच स्टुडिओत ‘पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स’ या बँडनंही हेच गाणं रेकॉर्ड केलं. ते वाजवण्यात जास्त सफाईदार होते आणि त्यांना कोलंबियासारखी मोठी कंपनी मिळाली. शर्यत ते जिंकणार असंच दिसत होतं. पण त्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या एका रेडिओ निवेदकानं किंग्जमेनची रेकॉर्ड ‘आठवड्यातली सर्वांत वाईट रेकॉर्ड’ म्हणून वाजवली, आणि श्रोत्यांनी दुकानांत जाऊन तीच मागितली. डिसेंबरात ती बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होती. पहिला क्रमांक काही काळ अडवून बसली होती बेल्जियममधली एक जोगीण, ‘डॉमिनिक’ हे भक्तिगीत घेऊन.

एव्हाना जॅक एली बँडमध्ये नव्हताच. बँडच्या नावाची नोंदणी ईस्टनच्या ताब्यात होती. उन्हाळ्यात त्यानं जाहीर केलं, की यापुढे गाणार मी, आणि एली निघून गेला. गाणं गाजल्यावर टीव्हीवर ईस्टन एलीच्या आवाजावर ओठ हलवू लागला. पुढे वकिलांमार्फत तडजोड झाली आणि रेकॉर्डच्या लेबलावर मुख्य गायक म्हणून एलीचं नाव आलं.

शब्द कळत नव्हते, म्हणून पोरांनी आपले घातले. अफवा अशी, की पंचेचाळीसची तबकडी तेहतीसच्या गतीनं लावली की खरे, घाणेरडे शब्द ऐकू येतात. जानेवारी १९६४मध्ये इंडियानाचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी गाणं अश्लील ठरवलं आणि राज्यातल्या प्रसारकांनी ते वाजवू नये असं सुचवलं. एका पालकाचं पत्र थेट अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांच्याकडे गेलं. मग एफबीआय कामाला लागली. अश्लील मजकुराची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहतूक करणं हा गुन्हा होता, आणि रेकॉर्ड तर देशभर जात होती. प्रयोगशाळेत तबकडी हळू फिरवली, जलद फिरवली. चौकशी अडीच वर्षं रेंगाळली. इतक्या दिवसांत ज्यानं ते शब्द उच्चारले होते, त्या जॅक एलीची साक्ष मात्र कोणी घेतली नाही.

आणि शिवी? ती आहे. पंचावन्नाव्या सेकंदाच्या आसपास मागे कोणीतरी ओरडतं. ईस्टनची काठी चुकली आणि तोंडातून शिवी गेली, असं बँडच्याच मंडळींनी नंतर सांगितलं. ती एलीच्या तोंडची नाही आणि गाण्याचा भागही नाही. देशभरातले कान शब्दांवर खिळलेले असताना ती निसटली.

या गदारोळात रेकॉर्ड खपत राहिली. शेकडो बँडांनी गाणं गायलं. १९७८च्या ‘अॅनिमल हाउस’ चित्रपटानं ते कॉलेजच्या पोरांच्या नव्या पिढीला दिलं. १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या केएफजेसी या कॉलेज रेडिओनं निव्वळ ‘लुई लुई’च्या निरनिराळ्या आवृत्त्या सलग ६३ तास वाजवल्या, त्या आठशेच्या वर होत्या. १९८५मध्ये वॉशिंग्टन राज्यात याला राज्यगीत करावं अशी मोहीम चालली. ती फसली, पण विधिमंडळात चर्चेला आली.

बेरी तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये आईच्या घरी, सरकारी मदतीवर राहत होता. त्याचं नशीब पालटलं ते एका मद्यपेयाच्या जाहिरातीमुळे. ‘कॅलिफोर्निया कूलर’ या कंपनीला गाणं जाहिरातीत हवं होतं, त्यासाठी बेरीची सही लागणार होती, आणि त्याला शोधताना कलाकारांचे हक्क मिळवून देणारा एक जाणकार त्याच्यापर्यंत पोचला. दाव्याची धमकी आणि मग समझोता, अशा वाटेनं हक्कांचा मोठा हिस्सा परत आला. त्यातून त्याला वीस लाख डॉलरच्या घरात रक्कम मिळाल्याचं सांगितलं जातं. मधली तीसेक वर्षं लोकांनी या गाण्यावर काय काय कमावलं, याचा हिशेब या आकड्यात नाही. बेरी १९९७च्या जानेवारीत वारला.

किंग्जमेनचीही तीच तऱ्हा. करारानुसार विक्रीतला नऊ टक्के वाटा त्यांना द्यायचा होता, आणि तीस वर्षांत तो हाती पडला नव्हता. त्यांनी १९९३मध्ये दावा लावला, मूळ ध्वनिमुद्रणाची मालकीच मागितली आणि ती मिळवली. १९९८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला, तेव्हा त्या स्टुडिओतली ती ‘तालीम’ अखेर त्यांच्या नावावर झाली.

शब्दांचं भूत यानंतरही उतरलं नाही. २००५मध्ये मिशिगनमधल्या बेंटन हार्बर इथे एका शाळेचा बँड मिरवणुकीत हे गाणं वाजवणार होता. गाणं मुलांसाठी अश्लील आहे म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलं गाणार नव्हती. कर्णे आणि ढोल तेवढे वाजणार होते. पालक भांडले, आणि परवानगी मिळाली.