मेक अप युअर माइंड

'मेक अप युअर माइंड' म्हणजे काय करायचं ते एकदाचं पक्कं ठरवणं.

यातला 'युअर' माणसागणिक बदलतो: स्वतःबद्दल 'माय', तिच्याबद्दल 'हर'. माणसं अनेक असतील तर 'माइंड'चं 'माइंड्स' होतं. 'अप' मात्र गाळता येत नाही, आणि बोलताना नेमका तोच निसटतो. 'आय हॅव मेड माय माइंड' हे चूक. 'आय हॅव मेड अप माय माइंड' हे बरोबर. 'अप' शेवटी गेला तरी चालतं. १९८१ साली युरोव्हिजन स्पर्धा जिंकलेल्या ब्रिटिश गाण्याचं नावच 'मेकिंग युअर माइंड अप' आहे.

खरी गंमत नकारात आहे. दुकानात दोन साड्या समोर उलगडून ठेवलेल्या असतात, हात एकीवरून दुसरीवर फिरत असतो, आणि मराठी बाई म्हणते, 'माझं काही ठरतच नाहीये.' मराठीत ठरणं आपलं आपण घडतं, नाहीतर अडून बसतं. इंग्रजीत ते माणसालाच करावं लागतं: 'आय कान्ट मेक अप माय माइंड.' फार सुंदर फरक आहे हा.

नुसतं 'मेक अप युअर माइंड!' म्हणताना मात्र जपावं. त्यात 'ठरव की गं एकदाचं' अशी घाई असते. मैत्रिणीला चालतं, गिऱ्हाइकाला किंवा साहेबांना 'हॅव यू डिसायडेड?' विचारलेलं बरं.