थकवा एचआयव्हीचा की थायरॉइडचा?

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला थकवा आला, वजन वाढले, मन खिन्न झाले की दोष बहुधा जुन्या आजारावर किंवा रोजच्या गोळीवर टाकला जातो. घरचेही तसेच म्हणतात. पण हीच लक्षणे थायरॉइड मंदावल्याचीही असतात आणि एका साध्या रक्तचाचणीने त्याचा उलगडा होऊ शकतो.

गळ्याच्या पुढील भागातील ही ग्रंथी टी-४ व टी-३ ही संप्रेरके स्रवते. ती कमी पडू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच वाढवून तिला कामाला लावते. एचआयव्हीबाधितांत अधिक आढळतो तो सौम्य प्रकार : टीएसएच किंचित वाढलेले, टी-४ मात्र योग्य पातळीवर. अशा प्रत्येकाला औषध लागत नाही. काही काळाने पुन्हा चाचणी करून निर्णय घेतला जातो.

याच्या उलटही घडते, जरी क्वचित. एआरटी उपचारांनी सीडी-४ पेशी वाढतात, प्रतिकारशक्ती सावरते आणि सावरताना ती कधी स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते. हा ग्रेव्हज विकार. उपचार सुरू झाल्यावर साधारणतः एक ते तीन वर्षांनी तो डोके वर काढतो. वजन घटते, छाती धडधडते, हात कापतात. एआरटी लागू पडत नाही, असे समजून गोळ्या सोडणे ही अशा वेळची सर्वांत महाग चूक.

खरी अडचण वेगळीच आहे. पेडणे वा डिचोलीचा रुग्ण एआरटीच्या गोळ्या बांबोळीहून आणतो आणि थकव्यासाठी गावातल्या डॉक्टरांकडे जातो. तिथे एचआयव्हीचा उच्चारही करीत नाही. ही भीती निराधार कशी म्हणावी? १९८९ साली याच गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना केवळ एचआयव्ही असल्यामुळे म्हापशातील जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस डांबले होते. आज २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा गोपनीयतेचे संरक्षण देतो व उपचार नाकारण्यास मनाई करतो.

लपवण्याची किंमत गोळ्यांच्या वेळापत्रकातही मोजावी लागते. थकव्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या लोह व कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्रॅव्हिरचे शोषण घटवतात आणि थायरॉक्सिनचेही. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी घ्यावे, लोह-कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. डोल्युटेग्रॅव्हिर या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घेतले जाते; जेवणासोबत असेल तर एकत्र चालते. क्षयावरील रिफाम्पिसिन सुरू झाले तर थायरॉक्सिनची मात्रा वाढवावी लागू शकते.

लक्षणे नसताना सरसकट प्रत्येकाची चाचणी करण्याची गरज नाही. लक्षणे असतील तर मात्र टीएसएच व फ्री टी-४ तपासून घ्यावे. औषध सुरू झाल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात, आणि तो अहवाल एआरटी केंद्रातील डॉक्टरांनाही दाखवावा.